पाण्याचं जुनं नाव

मानुआरी : आजोबा, नीरफणस पार करपला. अजून किती परतताय? मी पोरीचं नाव न्यायला आलोय.

आजोबा : करपल्याशिवाय साल सुटत नाही. बाप झालास तरी तुला कळेना.

मानुआरी : आज पाचवा, मुदतीचा शेवटचा दिवस. तारावाओची कचेरी दुपारी बंद होते. आज पोरीची नोंद झाली नाही, तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

आजोबा : मग ठेव काहीतरी. दवाखान्यातल्या नर्सला विचार.

मानुआरी : आपल्या घरात नाव वडीलधारा ठेवतो, नर्स नाही.

आजोबा : सुचत नाही रे.

मानुआरी : तुम्हाला? होडीत मासा गळाला लागेपर्यंत एकेक शब्द सोलून हातावर ठेवायचात! आपल्या भाषेत घोडा म्हणजे काय, तर 'जमिनीवर पळणारं डुक्कर'. हसता हसता मी पाण्यात पडलो होतो.

आजोबा : हसण्यासारखं काय त्यात? या बेटावर डुकराहून मोठं जनावर कुणी पाहिलंच नव्हतं. जहाजातून घोडा उतरला, लोकांनी त्याला डुकरांच्या घराण्यात बसवून टाकलं.

मानुआरी : बघा, कसे खुललात! वर्षभरात पहिल्यांदा. आता पाण्याचं सांगा.

आजोबा : ते तुला पाठ आहे.

मानुआरी : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आजोबा : पाण्याला आधी 'वाइ' म्हणायचे. मग तो शब्द राजाच्या नावात आला. राजाच्या नावातला शब्द रयतेनं उच्चारायचा नाही, असा दंडक. म्हणून 'पापे' आलं. तेच आजवर पितोय.

मानुआरी : आणि 'वाइ' मेला?

आजोबा : मरतोय कसला! नावांत लपून बसला. ही आपली वाइतेपिहा नदी बघ. नद्यांच्या नावांत, बायकांच्या...

मानुआरी : थांबलात का? बायकांच्या नावांत.

आजोबा : मानू, पुरे.

मानुआरी : आजी गेल्यापासून या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. तुम्ही घेऊ देत नाही. राजाचा दंडकच लावलात तुम्ही, आजोबा.

आजोबा : नाव घेतलं की वाटतं, मागच्या अंगणातून ओ देईल. देत नाही ती.

मानुआरी : मी आज शाळेत पोरांना शिकवतो ते तुम्ही दिलेल्या शब्दांच्या जोरावर. त्याचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत, आज दाखवतो. पण एवढा एक शब्द माझ्या लेकीला द्या.

आजोबा : रडते का फार?

मानुआरी : कान किटतात.

आजोबा : आजीवर गेलीय. कागद आहे?

मानुआरी : आहे, आहे.

आजोबा : लिही. वाइतेआ. निर्मळ पाणी. आजीचंच नाव. आणि कचेरीतलं काम झालं की दोघी मायलेकींना घेऊन सरळ इकडे ये. मला हाक मारून बघायचीय.

मानुआरी : पाच दिवसांची पोर, आजोबा. ती कुठली ओ देतेय?

आजोबा : रडेल तर खरी. तेवढं पुष्कळ झालं.