पाच मिनिटांचा वनवास

आरमोरीच्या बसस्टँडवर देवकाबाई चंद्रपूरच्या गाडीसाठी बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांचे कान केव्हाच शेजारच्या दोघांकडे गेले होते. एकाच्या मांडीवर पोतं होतं आणि त्यातून रावणाची पुठ्ठ्याची मुंडकी डोकावत होती.

"काऊन रामाजीभाऊ, रामायणाची दंडार झाली का जोरात? नाटक पाहाले गाव लोटलं असंन!"

"कायची जोरात! वनवासच झाला नाई."

"म्हंजे?"

"राम होता डोमा, भरत होता घनश्याम. सख्खे भाऊ. वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणापासून बोलचाल बंद."

"मंग?"

"भरत पाया पडून रडला, दादा घरी चाल म्हणे. रामानं पादुका द्याच्या होत्या. तर तो बी रडला, अन् म्हणे, चाल बाबा!"

"अन् गेला?"

"गेला ना! रंगल्या तोंडानं दोघंही घरी गेले. मी दहा मुंडकी लावून पडद्यामागं बसून. सीता म्हणे, काका, आता मले कोण पळवते?"

"हात् तिच्या! पुढच्या साली पळवजा."

"नाई. पुढच्या साली मले भरत द्या, म्हणून सांगून आलो."

"ह्या वयात? अन् राम कोण?"

चंद्रपूरची गाडी लागली. देवकाबाई काही उठल्या नाहीत.

"माहा भाऊ. वरोऱ्याले राह्यते. नऊ वर्षं झाले, घरी आला नाई."