परत आलेल्या निळ्या किटलीबाबत पुरवणी जबाब

जबाब देणार: तक्रारदार बाई, वय ४२ वर्षे, धंदा चिनी मातीच्या किटल्यांची ऑनलाइन विक्री, राहणार बेकरीच्या वरचा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे एकत्र राहतो. किटल्या पती आणतात, फोटो मी काढते आणि पॅकिंग सासूबाई करतात. त्यात त्या कोणालाही लुडबुड करू देत नाहीत.

गेल्या काही महिन्यांपासून आमचा माल परत येण्याचे प्रमाण फार वाढले आहे. कोणाला रंग पडद्याला शोभत नाही, कोणाचे झाकण वाटेत फुटते. एका गिऱ्हाइकाने तर पाहुण्यांना चहा पाजून झाल्यावर किटली परत केली, आत चहापत्ती तशीच होती. परतीचा माल कुरिअरचे एक गृहस्थ आणून देतात. त्यांना आम्ही घरात 'परतवाले भाऊजी' म्हणतो. ते दिसले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. सासूबाई मात्र त्यांना बसायला खुर्ची देतात.

झाकणे फुटू नयेत म्हणून सासूबाईंनी स्वतःची पद्धत काढली आहे. किटलीच्या पोटात चिंध्या ठासून भरायच्या आणि झाकण सुतळीने बांधायचे. हात आत घालताना बांगडी आपटते, म्हणून त्या ती काढून ठेवतात. सोमवारी दुपारी त्यांची सोन्याची बांगडी सापडेना. ती त्यांच्या आईने दिलेली आहे. त्या दुपारी बाहेरचे असे फक्त परतवाले भाऊजी येऊन गेले होते. "तो तसला माणूस नाही," असे सासूबाई परोपरीने सांगत होत्या. मी ऐकले नाही. तडक येथे येऊन भाऊजींविरुद्ध तक्रार दिली. त्यावरून त्यांच्या कंपनीने त्यांना शनिवारपासून कामावर येऊ नका असे कळवले. त्यांना दोन मुली आहेत, हे मला काल समजले.

आज सकाळी ते आमच्या दारात आले. स्कूटरवर मागे एक अनोळखी वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर आमची निळी किटली घट्ट धरून. सोमवारी पाठवलेल्या त्या किटलीच्या त्या गिऱ्हाईक. चिंध्या उपसताना त्यांना आत बांगडी मिळाली. ॲपवर आम्हाला कळवायची दुसरी सोय नसल्याने त्यांनी किटली परत करायची नोंद केली आणि कारण म्हणून 'वर्णनाप्रमाणे नाही' हे निवडले. ती परत आणायला भाऊजीच त्यांच्याकडे गेले होते. किटलीत काही खोट आहे का, असे मी सवयीने विचारले. त्या म्हणाल्या, "किटली छानच आहे. पण फोटोत बांगडी नव्हती."

बाईंना एवढ्या लांब कशाला आणलेत, असे मी भाऊजींना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, बांगडी मी एकट्यानं आणली असती, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

मला फार लाज वाटली, हे साहेबांनी लिहून घ्यावे.

सासूबाईंनी बांगडी हातात घातली, काढली, पुन्हा घातली. मग आपणच ती किटलीत ठेवून वर चिंध्या कोंबल्या हे आठवून त्या इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावे लागले. त्यांचे बघून आम्ही सगळेच हसत सुटलो. चहा त्याच किटलीत झाला. नंतर बाईंनी परतीची नोंद रद्द केली आणि किटली विसळून सोबत नेली.

माझी तक्रार चुकीची होती, ती मी मागे घेत आहे. साहेबांनी माझ्यासमोर कंपनीला फोन केला असून भाऊजी शनिवारी नेहमीप्रमाणे कामावर जाणार आहेत. सासूबाईंनी त्यांच्या घरासाठी एक लाल किटली दिली. ती बांधताना मात्र त्यांनी बांगडी हातातच ठेवली. भाऊजी आता बाहेर बाकावर तो खोका मांडीवर घेऊन बसले आहेत. मघाशी मी माफी मागायला गेले, तर मला म्हणाले, "वहिनी, ही मात्र परत घेऊन मी येणार नाही."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वाचताना साहेब दोनदा हसून थांबले, तरी मजकूर मी सांगितला तसाच आहे व तो खरा आहे.