दोन वाव दोरी

नाय दादा, असं ओढू नका, पीस मोडेल — द्या इकडं. कोंबड्याच्या मानेचंच पीस लागतं, शेपटाचं पाण्यात काठीसारखं ताठ राहतं, मानेचं कसं, जिवंत असल्यासारखं हलतं. त्याच्याखाली बकऱ्याचे चार केस, चिप्सच्या पाकिटाची ही चमकी, वरून लाल दोरा आणि दोऱ्यावर नेलपॉलिश — मग खाऱ्या पाण्यात गाठ सुटत नाय. आणि नुसतं पीस सोडायचं नाय बरं का! गळाच्या टोकाला माकूल माशाची पट्टी टोचायची, करंगळीएवढी, खाली शिसं. वासानं मासा येतो, पिसाला भुलून तोंड उघडतो. हे सगळं फागूनं शिकवलं, माझ्या नवऱ्यानं — मला समुद्र काय माहीत? आमच्या सूर्यमाळला उन्हाळ्यात प्यायला पाणी नाय, आणि मी डोंगरावर बसून समुद्रातल्या माशांसाठी पिसं बांधायची! हसा, हसा. अख्खा मोखाड्याचा बाजार हसतो.

वीस? नाय, वीस नाय होणार. हे चार जुने उरलेत, घ्या. आता बांधतच नाय मी. का म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाय होय? तुम्ही तर त्याच्याकडूनच न्यायचा, तिथंच खडकावर उभं राहून. फागू गेला दादा. होळीच्या आधी. तिथं किनाऱ्यावर बंधारा घालतायत ना, त्याच कामावर होता — मशीन वरून दगड सोडतं, हे मजूर खाली उभं राहून पहारीनं सरकवतात. जेवणाच्या सुट्टीत गळ टाकायचा. त्या दिवशी गळ अडकला, सोडवायला खाली उतरला, लाटेनं ओढून दगडावर आपटला. मी बघायला नव्हते, हेमंत मुकादमानं सांगितलं — आपल्याच डोंगरातला माणूस, तो खोटं कशाला बोलेल? पाठ सगळी चेचलेली होती. कामावर नाय मेला, मासे मारताना मेला, असा कागद होता, मी अंगठा दिला. का नाय देणार? खरंच वाटलं मला. कारण मीच बोलले होते, निघताना — एक पीस बांधायला माझी अर्धी दुपार जाते, एक जरी हरवलंस तर तोंड दाखवू नको! चेष्टेत नाय, रागात बोलले. सासू आजही म्हणते, हौशे, तुझ्या एका गळापायी गेला माझा पोर. मी ऐकून घेते.

काय काढताय खिशातून? — थांबा. हा कुठं मिळाला तुम्हाला?

खडकाच्या फटीत? गेल्या आठवड्यात, ओहोटीला... हा माझाच हो. तांबड्या कोंबड्याचं पीस, वर जांभळं नेलपॉलिश — हर्षदाचं, माझ्या पोरीचं, तिनं केवढा दंगा केला होता त्याच्यासाठी! जांभळा एकच बांधला होता, त्या शेवटच्या खेपेला. हाच तो. गळ गंजलाय पार. पण ह्याला दोरी केवढी राहिलीय? सोडा, मला हात पसरू द्या — एक वाव... दोन वाव. आणि हे टोक बघा, चपटं. दातानं तोडलंय. ब्लेड कधी लावलं नाय त्यानं, किती ओरडायचे मी, दात पडतील म्हणून. म्हणजे दोन वाव वरून तोडली दादा! वर उभा राहून. गळ अडकला, त्यानं तोडला, दिला सोडून — खाली उतरलाच नाय तो!

मग मी नाय... माझ्या गळानं नाय...

थांबा, उठू नका. त्याची पिशवी आली होती घरी. तिच्यात प्लास्टिकची बाटली होती, बाकीची दोरी तिच्यावर गुंडाळलेली, वेढ्याला वेढा, आणि वेढे उलटे — डावखुरा होता फागू, त्याच्याच हातचे. तीन महिने खुंटीला टांगलीय ती बाटली, रोज डोळ्यांसमोर, आणि माझ्या डोक्यात आलं नाय — लाटेनं ओढलेला माणूस दोरी गुंडाळून पिशवीत ठेवतो होय? मासेमारी संपली होती त्याची. कामावर परत गेला होता तो. मग ती पाठ लाटेनं नाय चेचली दादा... वरून दगड सोडला. तो खाली असताना.

आणि मी अंगठा दिला.

चला माझ्याबरोबर. ठाणं इथंच आहे, बाजाराच्या पलीकडं. एवढंच सांगा, हा कुठं मिळाला, दोरी केवढी होती. मी काय, अंगठेवाली बाई, हातात कोंबड्याचं पीस घेऊन गेले तर कोण ऐकेल? तुम्ही शिकलेले, तुम्हाला खुर्ची देतील. पाच मिनिटं. उशीर होतोय? कशाला? मासे पळून चाललेत काय? वीस पाहिजेत ना, चाळीस देते, फुकट देते, पाड्यातला एक कोंबडा ठेवत नाय — नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, नुसते उभे राहा माझ्याशेजारी — गाडीची चावी कशाला काढली? दादा, पाया पडते. दादा...

बरं. जा. ते चार घेऊन जा.

नाय, हा नाय! हात काढा. हा विकायचा नाय. सरका बाजूला, मला पाटी उचलू द्या. अंगठा दिलाय, तो परत मागायला जायचंय.