सूरच्या पुढचा रस्ता

मिनल : सारखं बोलत ऱ्हा माझ्याशी. उजवीकडनं, उजवीकडनं असं म्हण. गप बसलीस की हात आपोआप डावीकडं वळतो माझा.

आम्रपाली : उजवीकडूनच चाललीस. बरोबर आहे.

मिनल : तळेगावात नवऱ्याची पिकअप चालवते मी, तर समोरचा मला घाबरून बाजूला व्हतो. हितं मीच घाबरतीय. पानी दे जरा.

आम्रपाली : घे. मिनल, तू आली नसतीस तरी मी गेले असते. टॅक्सीवाल्याशी बोलतच होते.

मिनल : बोलत कुठं व्हतीस? हॉटेलच्या दारात उभी राहून रडत व्हतीस. त्यो बिचारा टॅक्सीवाला इकडं तिकडं बघत व्हता, कुनी त्यालाच धरंल म्हणून. मी नाष्ट्याला खाली आले आन भाड्याची गाडी घेऊन तशीच तुझ्यासंगं निघाले. पायात बघ, खोलीतल्या सपाता हायेत अजून.

आम्रपाली : सयाजी सरांचा मेसेज आलाय. बस सुटतेय, तुम्ही दोघी कुठे आहात, म्हणून विचारतायत.

मिनल : सांग, मिनलचं पोट बिघडलंय आन तू माझ्याजवळ थांबलीयस.

आम्रपाली : किती वेळ पटेल त्यांना?

मिनल : संध्याकाळपतूर पटलं तरी पुरे. रात्री विमानात बसलो की झालं. पन एक सांगू? लाइनवरनं वर्षभरात एक पार्ट परत आला न्हाई म्हणून कंपनीनं चाकणवरनं उचलून मस्कत दाखवायला आणलं, आन आपण शेवटच्या दिवशी ग्रुप सोडून पळालो. मी पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हणार हाय. म्हायती हाय ना तुला?

आम्रपाली : म्हणून तर तुला येऊ नको म्हणाले.

मिनल : आता ते काढू नको. ह्यो समुद्र कवा संपायचा? मघापासनं डाव्या हाताला नुसतं पानी आन उजव्या हाताला उघडे डोंगर. एक झाड न्हाई.

आम्रपाली : सूरपर्यंत असंच आहे. नकाशात बघितलंय मी. रोज बघायचे. सिद्धू इथे आल्यापासून आईला पण दाखवायचे. हे मस्कत, हे सूर, इथे तुझा मुलगा बोटी वेल्डिंग करतो. ती नकाशावर बोट ठेवून अंतर मोजायची आणि म्हणायची, एवढंच तर आहे.

मिनल : आई गेल्यापासनं एकदा पन फोन लागला न्हाई त्याचा?

आम्रपाली : नाही. ती गेली त्या दिवशी सकाळी रिंग वाजली होती, उचलला नाही. दुपारनंतर बंद, तो आजपर्यंत बंद. दोन महिने झाले, मिनल. आई गेली हे त्याला माहीतच नाही. नातेवाईक मला बोलले, आईला जाऊन दोन महिने होतायत तोच ही परदेशात फिरायला चालली. मी कुणाला काही सांगितलं नाही. कंपनीने दुसरा कुठला देश काढला असता तर मी आले असते का?

मिनल : न्हाई. मला म्हायती हाय.

आम्रपाली : सरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. एक दिवस द्या, भावाला भेटून येते. म्हणाले, ग्रुप व्हिसा आहे, एकटीला सोडता येत नाही. मग कालपर्यंत सगळ्यांबरोबर बाजार बघितला, मशीद बघितली, फोटो काढले. सकाळी उठले आणि वाटलं, आज रात्री विमानात बसले तर परत कधीच येणार नाही मी इकडे.

मिनल : रडू नको. मी गाडी चालवतीय, मला बी येतं मग. पाटी वाच. काय लिवलंय?

आम्रपाली : सूर. सरळ.

मिनल : मग सरळ. आन भेटला की आधी दोन थोबाडीत दे त्याच्या, मग सांग काय सांगायचं ते.

*

मिनल : बस लवकर, मागचा हॉर्न मारतोय. कवाची थांबलीय मी. भेटला का? आम्रपाली, तोंड असं का केलंस?

आम्रपाली : इथे नाहीये तो. वर्कशॉपला कुलूप आहे.

मिनल : मंजे? सुट्टी हाय?

आम्रपाली : बंदच पडलंय. शेजारी एक केरळचा दुकानदार आहे, त्याला फोटो दाखवला. त्याने ओळखलं. म्हणाला, मालकाने सगळी मुलं आपल्या दुसऱ्या कामांवर पाठवली, कुणी कुठे, कुणी कुठे. हा पुढे गेला असेल. अश्खरा म्हणून गाव आहे, कोळ्यांचं. तिथे मालकाचा बर्फाचा कारखाना आहे.

मिनल : असेल मंजे? नक्की न्हाई?

आम्रपाली : त्यालाही कुणीतरी सांगितलेलं. आणि अजून एक म्हणाला.

मिनल : काय?

आम्रपाली : म्हणाला, तिकडे एक इंडियन मुलगा बोटीवरून पडून गेला. महिना-दीड महिना झाला. बॉडी मिळाली, पाठवली का नाही ते माहीत नाही. मी विचारलं, नाव काय? तर नाव माहीत नाही म्हणाला. परत विचारलं, दिसायला कसा होता? तर म्हणाला, बहन, मैंने देखा नहीं.

मिनल : आगं, तसं कायी नसंल. हितं हजारो इंडियन हायेत.

आम्रपाली : फोन बंद आहे, मिनल.

मिनल : थांब, मला गाडी कडेला घेऊ दे. हां. आता ऐक माझं. अश्खरा किती लांब?

आम्रपाली : पुढे दीड-दोन तास. किनाऱ्यानेच रस्ता जातो.

मिनल : आन तिथनं मस्कत? आलो तेवढं सगळं उलटं. रस्त्यात टायर फुटला तर? त्यो तिथं नसला तर? विमान चुकलं तर आपल्याला घरी पाठवून देतील, आम्रपाली, कंपनीतनं. तुला एक वेळ चालंल. माझी पोरगी शाळेत हाय, नवऱ्याची पिकअप हप्त्यावर हाय. आपण मस्कतला परत जाऊ. वकिलातीत सांगू, त्यांना शोधू दे. त्यांचं कामच हाय ते.

आम्रपाली : मी दोन महिने वकिलातीला मेल करतेय. आम्ही बघतो, आम्ही बघतो. अजून बघतायत.

मिनल : मग मी काय करू सांग.

आम्रपाली : काही नको करू. तू जा.

मिनल : दार का उघडतीयस? आम्रपाली. आगं बाहेर ऊन बघ.

आम्रपाली : मासळीच्या गाड्या जातात तिकडे. एखादी थांबेल. तू जा, खरंच जा, मला राग नाही. सरांना सांग, ती कुठे गेली माहीत नाही. मिनल, तू नव्हतीस तेव्हा मी एकटीने आईला हॉस्पिटलमध्ये नेलं, एकटीने घरी आणलं, एकटीने सगळं केलं. सवय आहे मला. पण हे मला कळलं पाहिजे. तो पडलेला मुलगा कोण, हे कळल्याशिवाय मी घरी जाऊन आमच्या खोलीचं कुलूप उघडू शकत नाही. कुणासाठी उघडू?

मिनल : बस गाडीत.

आम्रपाली : नको.

मिनल : बस म्हणते ना. दार लाव. एसी चाललाय सगळा बाहेर. आन सरांना फोन लाव, माझ्या कानाला धर.

आम्रपाली : काय सांगणार आहेस?

मिनल : खरं सांगते. खोटं बोलून गाडी चालवायला जमंना मला, सारखं ध्यान तिकडं जातंय. लाव.

*

आम्रपाली : काय म्हणाले सर?

मिनल : आधी लई वरडले. मग म्हणले, त्याचा फोटो पाठवून ठेवा माझ्याकडं. आन म्हणले, विमान कुनासाठी थांबत नसतं. बास. उजवीकडनं हाय ना मी?

आम्रपाली : उजवीकडूनच आहेस.

मिनल : मग बोलत ऱ्हा. कायी पन बोल. त्याच्याबद्दल नको. आईबद्दल बोल.

आम्रपाली : पिंपरीला आमच्या वस्तीत पहाटे पाणी यायचं. आई पहिली उठायची, आणि सगळ्या बायांना हाका मारत जायची. बाया म्हणायच्या, भिमाबाई आल्या म्हणजे पाणी आलं. तेवढ्यात सिद्धू झोपेतून उठून तिच्या मागे. अनवाणी. चिखलात. मग परत येऊन तसाच अंथरुणात. रोज बोलणी खायचा.

मिनल : वाळू बघ रस्त्यावर आलीय पार. हळू घेते. आम्रपाली, त्यो तिथंच असंल. ऐकतीयस ना? जिवंत असंल.

आम्रपाली : तू चालव.

*

(अश्खरा. बर्फाच्या कारखान्याचं मागचं फाटक, समोर बोटी. दुपार. मिनल गाडीतच, काच खाली करून.)

आम्रपाली : सिद्धू.

सिद्धेश : ताई?

आम्रपाली : थांब. जाऊ नको आत. हात दाखव. दोन्ही दाखव. इकडे ये.

सिद्धेश : ताई, तू इथे कशी? कपडे ओले होतील तुझे, मासळीचा वास आहे.

आम्रपाली : असू दे. असाच थांब जरा. मला वाटलं तू पडलास. बोटीवरून कुणीतरी पडलं म्हणाले.

सिद्धेश : तो इम्रान. आंध्राचा. माझ्या बाजूच्या कॉटवर झोपायचा.

आम्रपाली : तुझा फोन का बंद आहे? किती फोन केले मी तुला. सिद्धू, मला तुला काहीतरी सांगायचंय. आधी बस कुठेतरी.

सिद्धेश : माहितीय, ताई.

आम्रपाली : काय माहितीय?

सिद्धेश : आई गेली ते. त्याच दिवशी कळलं. आपल्या वस्तीतल्या धनेशने स्टेटस ठेवलं होतं, आईचा फोटो, हार घातलेला. मी क्रेनखाली उभा होतो. आधी वाटलं, वाढदिवस असेल. खरंच असं वाटलं. मग हार बघितला.

आम्रपाली : मग फोन करायचा ना रे मला.

सिद्धेश : काय बोलणार होतो? आधी शेठकडे गेलो. पासपोर्ट त्याच्याकडे आहे. पाया पडलो त्याच्या. म्हणाला, सीझन संपल्यावर बघू. दुपारपर्यंत तीन वेळा गेलो. तिकडे तुझा फोन वाजत होता. तू विचारणार, कधी निघतोयस. आणि तिकडे सगळे थांबलेले असणार माझ्यासाठी. बंद करून टाकला. नंतर परत चालू करायचा म्हटलं तरी हात लागेना.

आम्रपाली : थांबलो होतो आम्ही. दुपारपर्यंत.

सिद्धेश : मग अग्नी कुणी दिला?

आम्रपाली : मीच. भंतेजी म्हणाले, मुलीने दिला तर काय झालं. राख ठेवलीय घरी. झाड लावायचंय तिच्या नावाने, ते तुझ्या हाताने लावायचं म्हणून थांबलेय. चल.

सिद्धेश : कुठे?

आम्रपाली : घरी.

सिद्धेश : कसा येऊ? पासपोर्ट नाही. असा निघालो तर शेठ पळून गेला म्हणून केस टाकेल.

मिनल : टाकू दे. आम्रपाली, त्याला म्हणावं बस आधी. सरांचा फोन आला व्हता आता. ते वकिलातीत जाऊन बसलेत, फोटो घेऊन. पोराला समोर आणा म्हणतायत, समोर आला तर कागद करून देतील. आज न्हाई तर चार दिवसांनी जाईल, पन जाईल. हितनं आत गेला तर परत कुनाला सापडायचा न्हाई.

सिद्धेश : ह्या कोण?

आम्रपाली : मिनल. माझ्याबरोबर लाइनवर असते.

सिद्धेश : माझं सामान आत आहे, ताई.

आम्रपाली : काय आहे त्यात?

सिद्धेश : कपडे. चादर. काही नाही.

आम्रपाली : मग बस.

सिद्धेश : सीट खराब होईल ह्यांची.

मिनल : भाड्याची हाय रे, भावा. बस.

*

मिनल : मागं कुनी येतंय का बघ.

आम्रपाली : कुणी नाही. रिकामा रस्ता आहे. विमान गाठू आपण?

मिनल : गाठू न्हाईतर न्हाई. मी आता जोरात चालवत न्हाई, तिघं हायेत गाडीत. तू पुढं बघू नको, मागं बघ त्याच्याकडं.

आम्रपाली : सिद्धू. पाणी पितोस?

सिद्धेश : नको. ताई, आईला खूप त्रास झाला का?

आम्रपाली : शेवटचे दोन दिवस. मग डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. गुंगीत असायची.

सिद्धेश : माझं काही विचारलं?

आम्रपाली : शेवटच्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. एकदम डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सिद्धू, आलास का रे?

सिद्धेश : तुला म्हणाली?

आम्रपाली : हो. मला.

सिद्धेश : मग तू काय म्हणालीस?

आम्रपाली : मी म्हणाले, आलो, आई.

सिद्धेश : आणि?

आम्रपाली : म्हणाली, हातपाय धुऊन घे, वाढते.