योसेफाला संवाद नाही

आजच्या सभेचे आणि आपल्या मंडळाचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड चंद्रप्रकाश अमोलिक, व्यासपीठावरचे कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सदस्य, सत्कारमूर्ती पद्मजाबाई रणभिसे, माझे शिक्षक बंधुभगिनी, पालकहो, आणि मागच्या खोलीतून वड्यांचा वास येत असूनही जागा न सोडलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, आपणा सर्वांना दत्ताराम परबचा नमस्कार.

मी गणिताचा मास्तर. भाषणाची मला सवय नाही आणि हौस तर त्याहून नाही. पण शिक्षकांच्या वतीने दोन शब्द बोला असा आदेश झाला, आणि पद्मजाबाईंची पर्यवेक्षकाची खुर्ची मलाच मिळायची आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. बाई मराठीच्या. माझं वाक्य चुकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. आत्ताही पडली आहे, पाहून घ्या.

बाईंनी शाळेसाठी काय केलं ते मानपत्रात आलेलं आहे, ते मी पुन्हा उगाळत नाही. मी बोलणार आहे नाताळच्या नाटकाबद्दल. आपली शाळा मिशनची, पण हजेरी घ्यायला उभं राहिलं तर परब, सावंत, राणे. आमच्या लोकांनी गावाकडे दशावतार पाहिलेला. त्यामुळे बाई येण्यापूर्वी आपल्या नाटकात हेरोद राजा असा काही गरजायचा की बाळ येशू, म्हणजे कापडी बाहुला, तेवढा शांत आणि समोर बसलेली खरी बाळं रडायला लागायची. मेंढपाळ आणि राजे एकाच वेळी घुसायचे आणि गोठ्यात चेंगराचेंगरी व्हायची.

बाईंनी पहिल्याच वर्षी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, "ही गोष्ट शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी सांगितली आहे. लूककडे मेंढपाळ आहेत, गव्हाण आहे. मत्तयकडे तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, आणि ते येतात ते घरात. ते राजे होते असं तो म्हणत नाही, तीन होते असंही म्हणत नाही. लूक मरियेच्या बाजूला बसून सांगतो, मत्तय योसेफाच्या."

मी विचारलं, "मग बाई, खरं उत्तर कुठलं?"

"परबसर, तुमच्या गणितात एका उत्तराला दोन रीती चालतात ना? मग इथेच का अडता?"

नाटकात मरियेचा नवरा, योसेफ सुतार, व्हायला कुणी तयार नसायचं. का? त्याला संवादच नाही. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक शब्दसुद्धा नाही, म्हणून बाईंनीही कधी घातला नाही. एकदा एक आई तणतणत आली. "बाई, माझ्या बाबल्याक एक तरी डायलॉग द्या. सगळी चाळ बघूक येतली." बाई म्हणाल्या, "नुसतं उभं राहायचं हेच त्यातलं कठीण काम आहे. तुमचा मुलगा करील." त्याने केलं. आज तो तिकडे दाराशी उभा आहे, आणि अजूनही काही बोलत नाही.

यंदाच्या तालमीत मात्र एका शब्दावर गाडी अडली. मरियेचं योसेफाशी लग्न ठरलेलं, आणि लग्नाआधीच तिला दिवस गेल्याचं कळतं. तेव्हा योसेफ तिला गाजावाजा न करता सोडायचं मनात आणतो. निवेदनात बाईंनी लिहिलं होतं: योसेफ नीतिमान होता, म्हणून तिची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही असं त्याने ठरवलं.

आपले अध्यक्ष तेव्हा तालीम बघायला आले होते. ते म्हणाले, "बाई, इथे ‘म्हणून’ नको, ‘पण’ हवं. नीतिमान म्हणजे नियम पाळणारा. नियमाप्रमाणे तिला सोडणं भाग होतं, पण त्याला दया आली."

बाई म्हणाल्या, "म्हणजे नीती एकीकडे आणि दया दुसरीकडे? त्याची दया हीच त्याची नीती. म्हणून ‘म्हणून’."

मी विचारलं, मुळात काय आहे? बाई म्हणाल्या, मुळात नुसता ‘आणि’ आहे, पुढचं आपल्यावर सोपवलेलं आहे. तेवढ्यात कोपऱ्यात देवदूताच्या पंखांना टाके घालत बसलेली माझी पत्नी वनमाला म्हणाली, "माका वाटता, तो भियालो. एवढा मोठा कायतरी आपल्या घरात येता म्हटल्यावर माणूस भियातलोच." आम्ही हसलो. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, असाही अर्थ फार जुन्या काळापासून लावतात." प्रयोगात त्यांनी बाईंचा शब्द राहू दिला आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. हा त्यांचा मोठेपणा मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो, कारण आता पुढचं सांगायचं आहे.

आपण व्याकरणावर भांडतोय असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

जानेवारीत कुणीतरी पद्मजाबाईंना घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात पाहिलं. बरोबर एक मुलगी होती, दिवस गेलेली, आणि गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. ही कुजबुज या सभागृहात सगळ्यांनी ऐकलेली आहे, उगाच एकमेकांकडे बघू नका. मंडळाने बाईंना बोलावलं. विचारलं, ती आपल्याकडे नोकरीला आहे काय? तिचं नाव काय? नोकरीला असेल तर नियम आहे, तिला ठेवता येणार नाही. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. मग निवृत्तीला अजून दोन वर्षं असताना बाईंचा राजीनामा आला. मानपत्रात ‘स्वेच्छेने’ असा शब्द आहे. बाई, आयुष्यभर आमच्या वह्या तपासल्यात, या शब्दाखाली तुम्ही लाल रेघ कशी मारली नाहीत?

मला वाईट वाटतं. रागही येतो. कुणाचा ते धड सांगता येत नाही, कारण अध्यक्ष वाईट गृहस्थ नाहीत. पालक दारात येऊन जाब विचारतात तो त्यांना, मला नाही.

आता सोमवारी मंडळाने मला बोलावलं आहे. त्या मुलीला घेऊन बाई एकदा आमच्या चाळीत आल्या होत्या, वनमालाने तिला पेज करून घातली. ती कोण हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे मंडळालाही ठाऊक आहे. नाव सांगितलं तर पर्यवेक्षकाची खुर्ची माझी, आणि त्या मुलीचं जे व्हायचं ते होईल. नाही सांगितलं तर खुर्चीचं सोडाच, गणिताचा तास तरी राहतो की नाही कुणास ठाऊक. घरी दोन मुलं शिकतायत. मी भितो, हे लपवत नाही.

कृपा करून गैरसमज नको. त्या मरिया माउलीशी कुणाची बरोबरी करण्याइतका मी उद्धट नाही. मी फक्त त्या सुताराबद्दल बोलतोय. तिला घरात घ्यायला भिऊ नकोस, असं सांगायला देवदूत त्याच्या स्वप्नात आला तो नंतर. गाजावाजा करायचा नाही हे त्याने आधीच, कुणी न सांगता ठरवलं होतं.

आज सकाळी निघताना वनमालाने विचारलं, "तुमी आज बाईंका शाल घालतलात. सोमवारी काय करतलात?" मी चप्पल घालून बाहेर पडलो. उत्तर इथे येईपर्यंत सापडलं.

बाई, इतक्या नाटकांत मी नुसता पडदा ओढला, काम कधी केलं नाही. सोमवारी करणार आहे, योसेफाचं. संवाद नाही, तेव्हा पाठांतराचीही काळजी नको. आणि तुमचं ते वाक्य मी ‘म्हणून’ घालूनच वाचतो, एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मंडळाने बोलायची संधी दिली, आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, तिकडे वडे थंड होऊ दिलेत, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. आज बोलण्याच्या भरात काही उणंअधिक निघून गेलं असेल, अध्यक्षांचा मान राखण्यात कसूर झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मात्र ही माफी आजच्या बोलण्यापुरती आहे. सोमवारी मी बोलणार नाही, त्याची मागणार नाही.