बघून घेतलेली होडी

...अहो, बघून घेतली! बघून! मघापासून तेच तर सांगतोय. फाटकातून जो आत येतो तो अंगणात ती मागची फळी काढलेली होडी बघतो आणि चपला काढायच्या आधी विचारतो, 'घेताना बघून नाही का घेतली?' आता तुम्हाला काय सांगू, मी वस्तू बघून घेणारा माणूस आहे. कारखान्यात माझं कामच ते, माल तपासायचा, माझा शिक्का पडल्याशिवाय एक खोकं दाराबाहेर जात नाही. छत्री घेताना मी ती दुकानात दहा वेळा उघडतो, दहा वेळा मिटतो, दुकानदार म्हणतो साहेब आता पाऊस तरी येऊ द्या... आणि असा माणूस, होडी घेताना... थांबा थांबा, ते तुमच्यासमोर ठेवलंय ते हातात घेऊ नका. राहू दे तिथंच. त्याचं सांगतो नंतर. आधी होडी.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या घरात माणसं चार आणि प्रत्येकाला पाणी हवं ते वेगळंच. सासरेबुवा आमच्याकडेच असतात, त्यांना मासे धरायचे. धरायचे म्हणजे काय, गळ टाकून बसायचं, आणि कुणी नुसतं खोकलं तरी 'गेला... आत्ता लागला होता' असं म्हणून त्या खोकणाऱ्याकडे बघत राहायचं, दिवसभर. मुलगी चौदा वर्षांची. तिला होडीमागं दोरी हवी, दोरीला हवेची गादी, गादीवर ती पालथी, आणि बापानं होडी पळवायची सुसाट, की ही मागं पाण्यावर आपटत येणार... का, तर म्हणे मजा. बायकोला डोक्यावर छत हवं, पाठीला टेकायला हवं, आणि वाऱ्यानं केस विस्कटता कामा नयेत. आणि मला? मला कोण विचारतंय? पण विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरात चार खोल्या, चार दारं. जेवणसुद्धा प्रत्येकाचं आपापल्या वेळेला. मला एवढंच वाटायचं की आठवड्यातून एक दिवस ही तिघं माझ्या डोळ्यांसमोर एका जागी बसावीत. होडीतून उठून कुठं जातील? सांगा ना, कुठं जातील?

होती, पूर्वी आमची एक होती. लहानशी, पांढरी, उघडी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, बायको उन्हामुळं दोनदाच आली असेल, सासरे मात्र प्रत्येक वेळी. मग तिची मागची फळी, जिथं इंजिन बसतं ना ती, आतून कुजली आणि पाणी झिरपायला लागलं. मी डागडुजी केली आणि विकून टाकली. सहा वर्षं झाली. विषय संपला. म्हणजे संपला असं मला वाटत होतं.

आता आमच्या घरचा एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठी वस्तू घ्यायची तर चौघांनी 'हो' म्हणायचं. चौघांनी! एक जण नाही म्हणाला की दुकानाबाहेर. फ्रिज घ्यायला दीड वर्ष लागलं, तोवर आमचं दूध शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये, आणि शेजारच्यांचं तोंड हे एवढं. या नियमानं आम्ही जुन्या होड्या बघायला निघालो. अकरा होड्या! एकीत सासऱ्यांना बसायला ऐसपैस, पण वास असा की बायको धक्क्यावरूनच माघारी. दुसरी इतकी वेगवान की मुलगी खूश आणि सासऱ्यांची टोपी अजून पाण्यात. तिसरीत गाद्या, पडदे, आरसा, बायको म्हणाली 'हीच', सासरे म्हणाले, "जावईबापू, यात मासा आला तर पाहुणा म्हणून येईल, तो धरायचा कसा?" चौथीत गांधीलमाश्यांचं पोळं. पाचवीत... जाऊ द्या, पाचवीत मालकच राहत होता. आणि प्रत्येक वेळी मी वाकून, झोपून, टॉर्च लावून, बोटानं ठोकून... मी बघून घेणारा माणूस ना!

आणि मग बारावी. पाण्याच्या काठाला जुन्या होड्यांच्या दलालाचं आवार आहे, पत्र्याची शेड, बाहेर चाकांच्या गाड्यांवर होड्या ओळीनं. तिथं ही उभी. मरून रंग, वर कापडी छत, नव्या गाद्या, नवं इंजिन, मागं दोरी बांधायला चकचकीत कमान, बाजूला गळ खोचायला नळ्या. आम्ही शिडी लावून वर चढलो आणि तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा आमच्या घरात कुणी तक्रार केली नाही. बायको मधली आडवी पट्टी न बघता ओलांडून गेली आणि म्हणाली, "अहो, किती आपली वाटते ना ही?" सासरे सरळ मागं डाव्या कोपऱ्यात गेले, तिथल्या खणाच्या झाकणावर बसले आणि म्हणाले, "इथं बरोबर बसलं बघा बूड." मुलगी कमानीला लोंबकळली. आणि मी? मी दिव्याचं बटण शोधायला हात घातला तर हात आपोआप बटणावर! मी म्हटलं वा, काय मांडणी आहे, हवं तिथं हवं ते! दहा मिनिटांत तिघांचं 'हो'. दहा मिनिटांत! फ्रिजला दीड वर्ष!

पण मी गप्प बसणारा नव्हे. मी इंजिन बघितलं. बॅटरी बघितली. गाडीची चाकं बघितली, तळ हातानं चाचपला, छताच्या शिवणी मोजल्या. एकच गोष्ट राहिली, तो मागचा खण, कारण त्याच्यावर सासरे. आता सासऱ्यांना 'उठा' कोण म्हणणार? तुम्ही म्हणाल तुमच्या सासऱ्यांना?

तेवढ्यात दलालाला कंठ फुटला. जाड माणूस, आवाज मात्र असा गोड की ऐकत राहावं. "साहेब," म्हणाला, "मूळ मालक डॉक्टर होते. डॉक्टरांचा हात, हलका. सुट्टीशिवाय कधी काढली नाही." मी मान डोलावली. छान बोलतो हो माणूस, मी मनात म्हटलं. "डावीकडं जराशी ओढते, पण ती वाऱ्याला मान देते म्हणून." मी आणखी जोरात मान डोलावली. काय वाक्य आहे! कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं, पण काय वाक्य आहे! "आणि साहेब, तळाशी वाटीभर पाणी दिसलं तर घाबरायचं नाही. लाकडाला तहान असते. ते आपली तहान भागवून घेतं."

माझी मान तिथंच थांबली.

अहो, ते माझं वाक्य! माझं! सहा वर्षांपूर्वी, सकाळी, दाढी करताना, एका गालाला फेस लावून मी ते आरशासमोर जुळवलं होतं! लाकडाला तहान असते... मीच म्हणून बघितलं, मलाच पटलं, आणि त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला ऐकवून ती पांढरी होडी खपवली होती. डॉक्टरही मीच जन्माला घातला. कसला डॉक्टर? आमच्या होडीत डॉक्टर एकदाच बसला होता, तोसुद्धा दातांचा, नि त्याला मळमळ झाली होती!

माझ्या पायाखालची होडी सरकली. सासऱ्यांना म्हटलं, "जरा उठता का?" ते म्हणाले, "आत्ताच तर बसलं बरोबर." मी म्हटलं, "उठा." त्या आवाजानं ते उठले. मी झाकण उचललं. आत फळीवर पुट्टीचे थर, एकावर एक, पांढरा, करडा, पिवळा, आणि सगळ्यांत तळाच्या थरातून वर आलेला एक लाकडी दांडा... मी झाकण पाडलं आणि त्यावर बसलो. मांडी घालून बसलो.

दांडा कसला विचारता? सांगतो. त्या पांढऱ्या होडीची, म्हणजे वरून मरून रंग फासलेल्या याच होडीची, डागडुजी करताना पुट्टी दाबायला हाताशी काही नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरातून बायकोचं लाकडी उलथनं उचललं होतं. डब्यावर लिहिलेलं, दहा मिनिटांत सुकते. चार मिनिटांत सुकली हो! उलथनं आत, दांडा बाहेर, ओढतोय ओढतोय, निघेना. म्हटलं राहू दे, उलथनंच आहे. पण ते तिच्या आईचं उलथनं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी बहीण चार दिवस राहून गेली होती. मग काय, घरात ठरलं, बहिणीनंच नेलं. सहा वर्षं! सहा वर्षं त्या दोघींत धड बोलणं नाही, फोन आला की 'घ्या, तुमच्या बहिणीचा', आणि मला सगळं माहीत, आणि मी पेपर वाचतोय. आज सांगू, उद्या सांगू, करता करता सहा वर्षं.

आता बघा माझी अवस्था. झाकण उघडलं तर मी खोटारडा, बायकोसमोर, मुलीसमोर, सासऱ्यांसमोर. न उघडलं तर हीच कुजकी फळी, तिच्यावर दुप्पट वजनाचं इंजिन, आणि त्याच्यामागं दोरीला माझी पोर. मी म्हटलं, "मला रंग आवडला नाही."

"रंग?" बायको म्हणाली. "लग्नात दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून उभे होतात तुम्ही."

मी म्हटलं, इंजिन. दलाल म्हणाला, साहेब, इंजिन नवं आहे. मी म्हटलं, नवं आहे हाच प्रॉब्लेम. सासरे म्हणाले, "जावईबापू, ऊन लागलं का तुम्हाला?" आणि मुलगी शेजारी येऊन बसली, त्याच झाकणावर, आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला भीती वाटेल म्हणून नको म्हणताय ना? होडी तुम्ही चालवणार आणि बघूनही तुम्हीच घेताय. मला कसली भीती?"

तुम्हाला सांगतो, तिथं माझा जीव गेला. कारण मला एकदम तो माणूस आठवला. ज्याला मी विकली तो. त्याच्याबरोबर दोन जुळ्या मुली होत्या, केशरी जाकिटं घालूनच आलेल्या, होडी अजून पाण्यात नाही तर यांची जाकिटं बांधून तयार. जाताना त्यांनी मला हात हलवला. मी पण हलवला. आणि घरी येऊन झोपलो हो मी, दुपारची छान झोप लागली. त्यांचं काय झालं, हे मला सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही. याची मला लाज वाटली, तिथं, त्या झाकणावर, आणि अजून वाटते.

मी उठलो. मुलीला उठवलं. झाकण उघडलं.

बायको वाकली. तिनं दांड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझं उलथनं."

मग मी बोललो, सगळं, डॉक्टर, तहान, पुट्टी, बहीण, एका दमात. मुलगी माझ्याकडे बघत होती, ते जाऊ द्या, ते काही मी तुम्हाला सांगत नाही. सासरे तेवढे शांत. त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, स्वतःच्या बुडाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे इथं बसायची मला सवयच होती."

दलालाचे डोळे विस्फारलेले. "साहेब, म्हणजे ते डॉक्टर तुम्ही?" मी त्याचा दंडच धरला, म्हटलं ते जुळ्या मुलींचे वडील, त्यांचं काय झालं? तो म्हणाला, "ते? तुमच्याकडनं घेतल्यावर बारा दिवसांत होडी घेऊन माझ्याकडं आले की. पाय भिजले म्हणाले. वरनं पुट्टी मारून माझ्याकडेच विकायला ठेवली. तेव्हापासून पाच मालक झाले साहेब, आणि पाचही जण हेच सांगून विकायला आणतात... लाकडाला तहान असते. मला वाटलं, असेल बुवा."

पाच मालक! पाच! आणि माझं वाक्य हातोहात फिरतंय, आणि फिरून माझ्याच कानात, आणि मी मान डोलावतोय! मी, बघून घेणारा माणूस!

बायकोनं माझ्या खिशातून माझा फोन काढला आणि बहिणीला लावला. "वन्सं," म्हणाली, "उलथनं सापडलं." तिकडून आवाज आला, "कुठं?" बायको म्हणाली, "तुमच्या भावाच्या होडीत." आणि मग दोघी बोलत बसल्या, चाळीस मिनिटं, सहा वर्षांचं सगळं, आणि मी आणि दलाल शिडी धरून उभे.

फोन ठेवून ती आम्हाला म्हणाली, "ही आपणच घ्यायची. नाहीतर हा सहाव्याला विकेल, आणि त्यालाही मुलगी असेल. सुतार बोलवा, फळी पूर्ण नवी घाला, आणि तोवर एक थेंब पुट्टी नाही. कोण कोण हो म्हणतंय?" तिचा हात वर. सासऱ्यांचा हात वर. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि मग तिचाही. चौथा हात मीच वर केला, काय करणार, नियम आहे.

म्हणून ती अंगणात आहे. सुतार येतो, ठोकतो, कुजकं काढतो, आणखी कुजकं सापडतं. प्रत्येक सुट्टीला मी घासकागद घेऊन खाली, सासरे वर त्यांच्या कोपऱ्यात, गळ कर्दळीच्या वाफ्यात सोडून, आणि मी खोकलो तरी म्हणतात, 'गेला.' मुलगी छताखाली अभ्यास करते, बायको तिथंच टेकून भाजी निवडते. चौघं एका जागी, हवं होतं तसं! पाण्याचा पत्ता नाही.

आणि हे तुमच्यासमोर बशीत ठेवलंय ना, पुट्टीचा गोळा लागलेलं, हेच ते उलथनं. सुतारानं कापून काढून दिलं. घरात कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी बायको हे आणून समोर ठेवते, माझ्याकडे बघते आणि विचारते, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

म्हणून म्हटलं... मीच सांगतो.