माझ्या फोटोपुढे दोन दंडवत

एकानंही विश्वास ठेवला नाही हो! एकानंही! पुस्तक मी लिहिलं, या हातांनी लिहिलं, हे बघा, कालवं सोलून सोलून बोटांना घट्टे पडलेत, त्याच बोटांत पेन धरून लिहिलं... पण नाही! बाजारात मासळी विकणारी आमची चुन्ही वहिनी, तोंडावर हात ठेवून काय म्हणते? "गुमजा, खरं सांग, कुणाकडून लिहून घेतलंस गं?" आणि आमच्या कालवं सोलायच्या शेडचा मुकादम, तो तर हसून हसून खोकायलाच लागला. "पुस्तक? तू? अगं, हजेरीवर सही करतेस तर जीभ बाहेर काढून करतेस!" काढते! जीभ बाहेर काढून करते! म्हणून काय जिभेनं लिहिलं होय मी? सहावीपर्यंत शिकले, मग आई म्हणाली, भाऊ शिकेल, तू कालवं सोल. सोलली. पण अक्षरं काही शाळेत परत देऊन आले नव्हते ना! पण सांगू कुणाला? माझ्यावर विश्वास ठेवतो कोण!

तुम्हाला सांगते, ते सोल शहरातलं प्रकाशकाचं ध्यान, तेसुद्धा फोनवर विचारतं, "लेखिकाबाई घरात आहेत का?" मी म्हटलं, बोलतेय. तर म्हणतो, "नाही नाही, तुम्ही नका बोलू, लेखिकेला द्या." आता मी मलाच फोन कसा देऊ? शेवटी आवाज बारीक केला आणि म्हटलं, "नमस्कार, मी लेखिका." तेव्हा कुठं साहेब मऊ झाले!

बरं, पुस्तकं आली. खोकीच्या खोकी. ठेवणार कुठं? किमचीच्या, आंबवलेल्या कोबीच्या, बरण्यांशेजारी ठेवली. महिन्याभरात पुस्तकांना असा वास सुटला की उघडलं की भात मागावासा वाटे! त्यातलं एक, नाव घालून, सही करून, मुकादमाला दिलं. तुम्हाला वाटतं वाचलं असेल? दुसऱ्या दिवशी शेडच्या ऑफिसात गेले, तर नूडल्सचं गरम भांडं कशावर ठेवलंय? माझ्यावर! माझ्या नावावर गोल काळा डाग! वर म्हणतो, "गुमजा, जाडी अगदी बरोबर आहे हं, टेबलाला चटका लागत नाही." पुस्तकाला पहिला अभिप्राय आला तो हा.

मग मी ठरवलं. माणसं पुस्तकाकडे येत नाहीत, तर आपण बोलवू. चार माणसं बसवू, खाऊपिऊ घालू, आणि एक पान, फक्त एक पान मी मोठ्यानं वाचून दाखवीन. एवढंच हवं होतं हो मला. कुणीतरी बसून ऐकावं. जास्त मागितलं का? मच्छीमारांचं सभागृह घेतलं, शेडमधल्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं. प्रकाशक म्हणाला होता, लेखिकेचा मोठा फोटो पाहिजेच पाहिजे. काढला. फोटोवाल्यानं तो काळ्या चौकटीत घालून दिला. म्हटलं, काळी का रे बाबा? म्हणतो, "मावशी, तुमच्या वयाला काळीच शोभते." ठेवला टेबलावर. खाली पांढरी चादर, कारण घरात चांगली तीच होती. पुढे भाताचे लाडू, सफरचंदं, नासपती. अंगाला आमच्या कालवांचा वास, तो पाहुण्यांना येऊ नये म्हणून उदबत्ती लावली. आणि पातेलंभर सूप केलं, मांसाचं, लाल, झणझणीत. मयताला असतं तेच, हो, ठाऊक आहे मला! पण एवढ्या माणसांचं मला तेच येतं! शेडमधल्या प्रत्येक मयताला पातेलं चढवतं कोण? मीच ना!

आता मुलगा. सांगजुन माझा, सोल शहरात असतो. म्हणाला, "आई, सुट्टी नाही गं मिळत, पण फुलं पाठवतो, मोठ्ठी, तीन मजली, दारात उभी कर." म्हटलं, फुलं राहू दे, तू ये. तर म्हणतो, "अगं, फुलंच दिसतात लोकांना." खरंच की. मी कुठं दिसते कुणाला?

आली वेळ. खुर्च्या मांडलेल्या. मी आणि खुर्च्या. एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसले, म्हटलं, निदान दोन तरी भरलेल्या वाटतील... कुणी नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचं, हसू चेहऱ्यावर चढवायचं, आणि कळायचं, खालच्या दुकानाचा माणूस संडासला चाललाय. हसू उतरवायचं. पुन्हा बसायचं. शेवटी उठले आणि मागच्या स्वयंपाकघरात जाऊन सूप ढवळत बसले, किती वेळ कोण जाणे. म्हटलं, माझ्यासाठी गरम असलेलं एवढं एकच आहे या गावात.

आणि तेवढ्यात... आइगो! आइगो! अहो, बाहेर रडारड! दाराच्या फटीतून बघते तर हॉल भरलेला! चुन्ही वहिनी, मुकादम, शेडमधल्या झाडून सगळ्या बाया! पुढे येतात, माझ्या फोटोपुढे उभ्या राहतात, आणि गुडघे टेकून दंडवत. मी म्हटलं, वा! लेखिकेला एवढा मान! एक दंडवत... आणि मग दुसरा. दुसरा! अहो, जिवंत माणसाला एक दंडवत घालतात, मेलेल्याला दोन! शेंबडं पोरही जाणतं आमच्याकडे!

त्या फुलवाल्यानं, पान्सिकनं, गाडी भरताना अदलाबदल केली होती! हॉलच्या खालच्या दारात, जिन्यापाशी, उभी होती पांढरी शेवंती, काळी पट्टी, "मृताच्या आत्म्यास शांती लाभो". एकीनं रस्त्यावरून पाहिलं, वर येऊन आत डोकावली, काळ्या चौकटीत मी, पुढे फळं, उदबत्ती... झालं! बाजारभर बोंब! पुस्तकाला यायला सवड नव्हती, मयताला सगळी माणसं गाळे बंद करून आली!

तुम्ही म्हणाल, मग तू लगेच बाहेर का नाही आलीस? कशी येऊ? चुन्ही वहिनी नाक पुसत म्हणत होती, "तोंड तिखट होतं हो, पण माझ्या बाळंतपणात महिनाभर शेवाळाचं सूप तिनंच पाजलं मला. एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही." आणि मुकादम! डोळे लाल! "आणि लिहायची काय! काय लिहायची हो!" चुन्ही म्हणाली, "तुम्ही वाचलंत?" तर हा... "म्हणजे... वाचणारच होतो." मी तिथं उभी, हातात डाव, आणि मला वाटलं, राहू दे. थोडा वेळ मेलेलीच राहू दे. जिवंतपणी कुणी एवढं बोललं होतं का मला? ऐकू दे की पोटभर!

पण सूप! उतू गेलं मेलं, फस्सकन! मी ओरडले, दार उघडलं, आणि वाफेतून डाव घेऊन मी अशी बाहेर! काय किंचाळल्या हो! एक तर खुर्चीसकट पडली! मुकादम भिंतीला पाठ लावून, हात जोडून म्हणतो, "गुमजा, काही इच्छा राहिली असेल तर सांग, आणि शांतपणे जा!"

म्हटलं, "राहिलीय! पुस्तक वाच!"

मग समजावलं. अर्धा तास समजावलं की मी जिवंत आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवतो कोण! चुन्हीनं चिमटा काढून बघितलं, मी शिवी दिली तेव्हा कुठं पटलं. आणि पटल्यावर आनंद झाला का? छे! भडकल्या! "अशी थट्टा करतात का गं? एवढं रडायला लावलंस!" रडलेलं परत घेता आलं असतं ना, तर मोजून परत घेतलं असतं त्यांनी. सूप मात्र प्यायल्या. दोनदा वाढून घेतलं. मी म्हटलं, बायांनो, आलाच आहात तर बसा, एक पान वाचते, एकच. तर चुन्ही म्हणते, "आता नको गं, रडून रडून डोकं दुखतंय." गेल्या. खुर्च्या राहिल्या.

आणि आमची गुलाबी फुलं? ती गेली इस्पितळात, आमच्याकडे मयत तिथंच मांडतात, एका म्हाताऱ्या तांडेलाच्या मयताला! त्यावर माझ्या लेकानं लिहून घेतलेलं, "पहिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! दुसरंही लवकर येऊ दे!" त्याची म्हातारी म्हणे ते वाचून थेट फुलवाल्याच्या दुकानात गेली, चप्पल हातात घेऊन.

आता दोष कुणाचा? लेक म्हणतो, फुलवाल्याचा. फुलवाला म्हणतो, तुझ्या काळ्या चौकटीचा. मुकादम म्हणतो, "तुझाच, कालवं सोलायची सोडून पुस्तकं कसली लिहितेस!" नाही. मी सांगते कुणाचा. शेडमध्ये माझ्या शेजारी एक बाई उभी राहायची, वर्षानुवर्षं. मी बोलायचे, ती सोलायची. सगळ्या शेडला माझ्या बडबडीचा ताप, ही मात्र म्हणायची, "मग? पुढे काय झालं?" तिनंच डोक्यात घातलं माझ्या. "गुमजा, हे लिहून काढ. सगळ्यात आधी मी वाचीन." वाचीन म्हणे! वाचता कुठं येत होतं हो तिला? स्वतःचं नावसुद्धा मी लिहून द्यायचे! मलाच समोर बसवून वाचून घेतलं असतं तिनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि शेवटच्या पानावर विचारलं असतं, "मग? पुढे काय झालं?" आणि पुस्तक छापून यायच्या आधी, ऐन हिवाळ्यात, कालवांच्या भर हंगामात, चालती झाली! तिच्याही मयताला सूप मीच केलं. खारट झालं होतं.

तेव्हा उगाच फुलवाल्याला शिव्या घालू नका. हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर, बाया सूप प्यायला बसल्या तेव्हाही, मी कुणाला बसू दिलं नाही, ती जिच्यासाठी धरून ठेवली होती, सगळा दोष तिचा. त्या माक्सुनचा!